गंधकाचा हिशेब

येवल्याच्या पैठणीचा पदर सुरतेत सुरू होतो. माग येवल्याचा, कारागीर येवल्याचा, पण पदरावरचा मोर ज्या जरीत उमटतो ती जर तापीकाठच्या या शहरातून येते. जुन्या सुरतेत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावं लागतं अशा गल्ल्या आहेत. त्यातल्याच एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जरीचा कारखाना चालतो. पहिल्या खोलीत तांब्याची तार एकाहून एक बारीक भोकांतून ओढली जाते आणि शेवटी केसाहून बारीक होऊन रिळावर चढते. ती दोन रुळांमध्ये चेपली की लखलखीत चपटा बादला होतो, आणि बादला धाग्याभोवती गुंडाळला की कसब. असली जरीत ही तार चांदीची असते आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. बाजारात जिला 'टेस्टेड' म्हणतात तिच्यात आत तांबं आणि वर चांदीचा पातळ थर.

हा थर मागच्या खोलीत चढतो. तिथे सायनाइडच्या द्रावणाचे हौद आहेत, विजेच्या जाड तारा आहेत आणि घशाशी येणारा एक धातूचा वास आहे. तार हौदातून निघते आणि धुण्याच्या पाण्यातून जाते. चांदीचं धुण्याचं पाणी मालक वेगळं धरून ठेवतात, त्यातली चांदी परत काढून घेतात. फरशी झाडून निघालेला केरसुद्धा विकत घेणारी माणसं आहेत, असं त्यांनी हिंदी-गुजरातीत मला समजावलं. तार साफ करतानाचं, तांबं उतरलेलं निळसर पाणी कुठे जातं, असं विचारल्यावर त्यांनी मोरीकडे हात केला.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'सोसणं' असा कळवला तेव्हा मला माणसांच्या आधी यीस्ट आठवलं. पाव फुगवणारी, ताडी आंबवणारी ही एकपेशी बुरशी. तांबं, कॅडमियम, क्रोमियम, शिसं अंगावर आलं की ती काय करते, यावर गेली चाळीसेक वर्षं जगभर बारकाईने काम झालंय आणि त्यातला एक देखणा धागा पुण्यातून जातो. हे सगळं सुरतेत जाऊन पाहायचं कारण असं की, इथे धातू आणि पाणी रोज एकत्र येतात. त्या पाण्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांतले कितीतरी जण आपल्या खानदेशातले आहेत.

खाडीच्या काठचा खानदेश

भुसावळकडून येणारी गाडी उधन्याला थांबते तेव्हा फलाटावर अहिराणी ऐकू येते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली कुटुंबं पिढ्यांपासून राहतात. महापालिका इथे मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. पुरुषांपैकी बरेच जण लूमवर नाहीतर डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये कामाला असतात. शिरपूरकडचे एक गृहस्थ वीसेक वर्षं जेट मशीनवर आहेत. बंद भांड्यात पॉलिएस्टरचं कापड 130 अंशांवर रंगात फिरतं, ती मशीन. मी त्यांना हातांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "ताई, रंग निघी जास, वास जात नही."

रंगांमधल्या धातूंविषयी एक समज दुरुस्त करायला हवा. पॉलिएस्टरला लागणारे डिस्पर्स रंग बहुतेक वेळा धातूविरहित असतात. पण पॉलिएस्टर तयार करताना अँटिमनी ट्रायऑक्साइड हे उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्यातलं अँटिमनी धाग्यात राहून जातं, किलोमागे साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम. 130 अंशांच्या पाण्यात कापड फिरतं तेव्हा त्यातलं थोडं पाण्यात उतरतं. व्हिस्कोस आणि सुती कापडावरचा झगझगीत फिरोजी रंग ज्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांतून येतो, त्यांच्या रेणूच्या मध्यभागी तांब्याचा अणू बसलेला असतो. नायलॉनसाठीच्या काही रंगांत क्रोमियम किंवा कोबाल्ट असतं. शहरातली मुलामा देण्याची लहान-मोठी युनिटं आणि जरीच्या कारखान्यांच्या मोऱ्या यात धरल्या की धातूंची यादी बरीच लांबते.

हे पाणी सगळं थेट खाडीत जातं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पांडेसऱ्यात मिलचं पाणी एकत्र शुद्ध करणारं मोठं सामाईक केंद्र आहे. बमरोलीला महापालिका सांडपाणी इतकं स्वच्छ करते की, 2014 पासून ते पांडेसऱ्याच्या उद्योगांना विकलं जातं, दिवसाला चार कोटी लीटरपर्यंत. देशात फार थोड्या शहरांनी हे करून दाखवलंय. पण भेडवाड खाडीच्या पुलावर उभं राहिलं की पाण्याचा रंग वाराप्रमाणे बदलतो, हेही तिथला कुठलाही रहिवासी सांगतो. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून नाल्यात बेकायदा रसायन सोडलं गेलं, त्यातून उठलेल्या वायूने सहा कामगार गेले. वायू काही मिनिटांत मारतो, म्हणून त्याची बातमी होते. धातू वर्षानुवर्षं गाळात, भाजीत, मूत्रपिंडात साठत राहतो आणि त्याचा पंचनामा होत नाही.

शुद्धीकरण केंद्रात काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. वेगवेगळ्या मिलचं पाणी आधी एका मोठ्या टाकीत मिसळतं. मग चुना, फेरस सल्फेट किंवा तुरटीसारखं काही घालतात. पाणी अल्कधर्मी झालं की विरघळलेला बराचसा धातू हायड्रॉक्साइड होऊन गाळाबरोबर खाली बसतो. हा गाळ फिल्टर प्रेसमध्ये पिळला की ओलसर, गडद वड्या पडतात. कामगार त्याला 'केक' म्हणतात. केक ट्रकमध्ये भरून घातक कचऱ्याच्या भूभरण जागेवर जातो. रंगाचा रेणू तोडता येतो, सायनाइड तोडता येतं. तांब्याचा अणू मात्र कशानेही तुटत नाही, तो पाण्यातून निघून केकमध्ये जातो इतकंच. धातूच्या बाबतीत माणसाला आणि यीस्टला एकच पर्याय आहे: तो कुठे ठेवायचा ते ठरवणं. हे ठरवण्यात यीस्ट आपल्यापेक्षा किती काटेकोर आहे, हे मला या लेखात सांगायचं आहे.

ताडीतून आलेला पाहुणा

सुरतेला यीस्ट नवं नाही. इथल्या प्रसिद्ध डोटीवाला बेकरीची कथा अशी सांगतात की, डच लोकांनी वखारीजवळ पाव भाजायला भट्टी घातली आणि जाताना ती आपल्या पारशी कामगाराच्या हाती सोपवली. त्या काळी पाव फुगवायला ताडी वापरत. पुढे पावाचं गिऱ्हाईक कमी झालं आणि सुकलेल्या पावातून बिस्किटं व नानखटाई निघाली. ताडी आता गुजरातेत बंद आहे, नीरा मिळते. पण झाडाखालच्या मडक्यात गोड रस काही तासांत फेसाळतो तो ज्यांच्यामुळे, त्यांत सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हीच यीस्टची जात प्रामुख्याने असते. पुडीतलं बेकरीचं यीस्ट तेच, प्रयोगशाळेतलंही तेच.

शहरातल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने मला हा प्रयोग करून दाखवला. तिचं माहेर चोपड्याकडचं, त्यामुळे बोलणं मराठीतच झालं. काचेच्या ताटल्यांत अगारचं घट्ट माध्यम, एका ताटलीत साधं, बाकीच्यांत वाढत्या प्रमाणात मोरचूद. यीस्टचं द्रावण दर वेळी दहापट पातळ करत तिने प्रत्येक ताटलीवर थेंबांची रांग टाकली आणि ताटल्या 30 अंशांच्या पेटीत ठेवल्या. दोन दिवसांनी साध्या ताटलीवर सायीच्या रंगाचे ठिपके पुरत्या रांगेत उगवले होते. लीटरमागे एक मिलीमोल, म्हणजे सुमारे 64 मिलिग्रॅम तांबं असलेल्या ताटलीवर रांग आखूड होती आणि ठिपक्यांचा रंग पालटला होता. कडेला फिकट, मध्ये थेट तपकिरी. तिने ताटली खिडकीकडे धरली. तो तपकिरी रंग तांब्याच्या सल्फाइडचा. पेशीने विरघळलेलं तांबं गंधकाशी बांधून आपल्या भिंतीपाशी जमवून टाकलं होतं.

तुलनेसाठी सांगते, कारखान्याने पृष्ठभागावरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात तांब्याची मर्यादा लीटरला 3 मिलिग्रॅम आहे. ताटलीतलं यीस्ट तिच्या वीसपट तांबं सोसून उगवलं होतं.

हवंही आणि नकोही

तांब्याशी यीस्टचं नातं गुंतागुंतीचं आहे, कारण तांब्यावाचून ते जगूच शकत नाही. श्वसनाच्या साखळीतल्या शेवटच्या विकराला तांबं लागतं. ऑक्सिजनच्या घातक रूपाला आवरणाऱ्या एका विकराला लागतं. इतकंच काय, लोह आत घेण्याच्या यंत्रणेलाही तांबं लागतं. पण तेच तांबं मोकळं सुटलं तर पेशीत भडका उडवतं. एक इलेक्ट्रॉन देणं-घेणं त्याला सहज जमतं, त्यामुळे ते हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अतिशय आक्रमक हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतं, आणि ते रॅडिकल मेद, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल ते जाळतं. लोह आणि गंधकाच्या नाजूक जोडण्यांमधून लोहाला हुसकून तिथे स्वतः बसण्याचीही त्याला खोड आहे.

म्हणून पेशी तांब्याला एक क्षणही मोकळं सोडत नाही. पटलावरचा सीटीआर-1 नावाचा वाहक तांबं आत घेतो. आत उभी असलेली छोटी प्रथिनं ते हातोहात झेलतात आणि ज्याच्या त्याच्या घरी पोचवतात. 1999 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या व्यवस्थेचं गणित मांडलं, तेव्हा निघालेला निष्कर्ष वाचून मी थबकले होते: निरोगी यीस्टच्या पेशीत मोकळ्या तांब्याचा सरासरी एक आयनसुद्धा नसतो. पेशीत तांब्याचे लाखो अणू असतील, पण बेवारस एकही नाही.

बाहेर तांबं वाढलं की पहिल्यांदा दार बंद होतं. सीटीआर-1 पटलावरून मागे ओढला जातो, मोडीत निघतो, नवा बनवणं थांबतं. तरीही तांबं झिरपलंच तर एस-1 नावाचं प्रथिन ते पकडतं. तांबं बसताच या प्रथिनाची घडी बदलते, ते डीएनएवर जाऊन बसतं आणि काही मिनिटांत कप-1 हे जनुक जोरात चालू होतं. त्यातून तयार होतं मेटॅलोथायोनिन. हे अगदी लहान प्रथिन, पण त्यात बारा सिस्टीन आहेत आणि प्रत्येक सिस्टीनकडे गंधकाचा एक अणू. हे गंधक मिळून तांब्याचे सात-आठ अणू असे घट्ट गुरफटून टाकतात की त्यांना इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करायला वावच उरत नाही.

आणि इथे यीस्टची खरी चलाखी आहे. कप-1 हे जनुक आठव्या गुणसूत्रावर एकापुढे एक अशा प्रतींच्या रांगेत असतं. कुठल्या वाणात एकच प्रत, कुठल्यात दहा-बारा, कुठल्यात त्याहूनही जास्त. जितक्या प्रती, तितकं तांबं सोसण्याची ताकद. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात सेमूर फोगेल आणि ज्युआनिटा वेल्च यांनी हे दाखवलं. पुढे 2017 मध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहॅम इन्स्टिट्यूटमधल्या गटाने त्याच्याही पुढची गोष्ट दाखवली: तांब्याच्या सान्निध्यात या रांगेत प्रती कमी-जास्त होण्याचं प्रमाणच वाढतं. म्हणजे जिथे गरज पडते नेमकं तिथेच पेशी आपल्या जनुकांत फेरफाराला वाट करून देते.

नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला यातला निम्मा भाग आधीपासून ठाऊक आहे. केवडा रोगावर तो बोर्डो मिश्रण मारतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये 1885 च्या सुमारास मिलार्दे यांनी ते रूढ केलं. तेव्हापासून द्राक्षाच्या सालीवर तांबं चढतंय आणि त्याच सालीवर, त्याच रसात यीस्ट राहतंय. वाइनच्या अनेक वाणांमध्ये कप-1 च्या प्रती जास्त आढळतात, त्याचं एक कारण शास्त्रज्ञ हेच मानतात. आपण बुरशी मारायला तांबं फवारलं आणि दुसऱ्या एका बुरशीला तांबं सोसायला शिकवलं.

दुष्काळातलं घर

कॅडमियमची गोष्ट वेगळी. त्याची पेशीला कशालाच गरज नाही. ते आत शिरतं जस्ताच्या दारातून, कारण दोघांचा तोंडावळा सारखा. एकदा आत आलं की जस्ताच्या जागा बळकावतं आणि प्रथिनांतल्या गंधकाला चिकटून त्यांची कामं बंद पाडतं. माणसाच्या पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मर्यादा लीटरला 0.003 मिलिग्रॅम आहे, यावरून त्याची जात ओळखावी. ते मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं हलत नाही.

कॅडमियमविरुद्ध यीस्टचं मुख्य शस्त्र आहे ग्लुटाथायोन, तीन अमिनो आम्लांचा एक लहानसा रेणू. त्यातल्या सिस्टीनच्या गंधकाने तो कॅडमियम पकडतो. दोन ग्लुटाथायोन आणि मध्ये एक कॅडमियम अशी जोडी झाली की रिक्तिकेच्या, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीच्या, पटलावरचा वायसीएफ-1 हा पंप ऊर्जा खर्च करून ती आत ढकलतो. हा पंप 1994 मध्ये सापडला, आणि कॅडमियमशी असलेल्या नात्यावरूनच त्याचं नाव पडलं. माणसात सिस्टिक फायब्रोसिस या आजाराशी संबंधित जे प्रथिन आहे, ते याच पंपाच्या घराण्यातलं.

पण ग्लुटाथायोन फुकट येत नाही. प्रत्येक रेणूमागे गंधकाचा एक अणू खर्च होतो. कॅडमियमचा मारा मोठा असेल तर पेशीत येणारं जवळजवळ सगळं गंधक ग्लुटाथायोन बनवण्यात जातं. मग बाकीच्या प्रथिनांसाठी ते आणायचं कुठून? सगळ्या संशोधनात मला सर्वांत आवडलेला भाग इथे येतो. 2002 मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी कॅडमियममध्ये वाढणाऱ्या यीस्टची प्रथिनं एकेक करून तपासली. त्यांना दिसलं की पेशीने गंधक भरपूर असलेली, मोठ्या प्रमाणावर लागणारी प्रथिनं बनवणं कमी केलंय, आणि त्यांच्या जागी तेच काम करणारी पण गंधक कमी असलेली दुसरी प्रथिनं आणलीत. साखरेपासून ऊर्जा काढणारी, रोज हजारोंनी लागणारी विकरंसुद्धा तिने बदलली. दुष्काळाच्या वर्षी घरातली कर्ती बाई गव्हाची पोळी बंद करून ज्वारी-नाचणीवर घर चालवते आणि गहू आजाऱ्यासाठी राखते, त्यातलाच हा प्रकार. अशा फेरबदलाने पेशीने गंधकी अमिनो आम्लांची एकूण 30 टक्के बचत साधली होती.

ज्या पर्यायी विकरांची जनुकं इतकी वर्षं शास्त्रज्ञांना फाजील वाटत होती, ती या संकटात उपयोगी पडली. यीस्टचा संपूर्ण जनुकसंच 1996 मध्ये वाचून झाला, केंद्रक असलेल्या सजीवांत सर्वांत आधी. सुमारे सहा हजार जनुकं, आणि त्यांतली कित्येक जोडीने. साध्या, सुखाच्या माध्यमात वाढवलं तर जोडीतली एक काढून टाकली तरी काही बिघडत नाही. त्यांचं मोल कळायला ताण यावा लागतो.

सारख्या चेहऱ्याचा घोटाळा

क्रोमियमची सहा संयुजेची रूपं पाण्यात क्रोमेट म्हणून राहतात, आणि क्रोमेटचा आकार सल्फेटसारखा असतो. यीस्टला गंधक सल्फेटमधूनच मिळतं, त्यामुळे सल्फेटचे वाहक क्रोमेटलाही आत घेतात. याचा दुहेरी फटका बसतो. एक तर विष आत येतं, शिवाय दाराशी झालेल्या गर्दीत खरं सल्फेट बाहेर राहतं आणि पेशीची गंधकाची उपासमार होते. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला सायमन एव्हरी यांच्या गटाने दाखवलं की, ही उपासमार प्रथिनं घडवतानाच्या चुकांशी जोडलेली आहे. गंधकी अमिनो आम्लं कमी पडली की जनुकाचा संदेश वाचताना भलतीच अमिनो आम्लं बसतात आणि वाकडी, गोळा होणारी प्रथिनं तयार होतात. माध्यमात गंधकाचा पुरवठा वाढवला की विषाचा जोर कमी होतो.

अँटिमनीची वाट तिसरीच. सुरतेच्या पॉलिएस्टरमधून पाण्यात उतरणाऱ्या या धातूचं तीन संयुजेचं रूप, आणि त्याचा भाऊबंद आर्सेनिक, दोघेही ग्लिसरॉलसाठी ठेवलेल्या एफपीएस-1 या नळीतून यीस्टमध्ये शिरतात, हे 2001 मध्ये सिद्ध झालं. रेणूचा आकार ग्लिसरॉलशी जुळतो, एवढंच निमित्त. आर्सेनिक आत येऊ लागलं की पेशी ही नळी बंद करते, जमेल तेवढं दुसऱ्या पंपाने बाहेर फेकते आणि उरलेलं ग्लुटाथायोनला बांधून रिक्तिकेत टाकते. कुठल्याही धातूचा माग काढला तरी शेवटी आपण गंधकापाशीच येतो.

पुण्यात यीस्टने केलेला डायोड

धातू सोसणाऱ्या यीस्टची आणखी एक जात आहे, शायझोसॅकरोमायसिस पोम्बे. आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमधून ती 1893 मध्ये वेगळी केली गेली. 1981 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना तिच्यात कॅडमियम बांधणाऱ्या लहान साखळ्या सापडल्या. पुढे तशाच साखळ्या वनस्पतींमध्येही मिळाल्या आणि आज त्या फायटोकेलॅटिन म्हणून ओळखल्या जातात. पोम्बे या साखळ्यांमध्ये कॅडमियम आणि सल्फाइड एकत्र बांधते आणि पेशीत कॅडमियम सल्फाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात. 1989 मध्ये 'नेचर'मध्ये या स्फटिकांवर एक लेख आला. लेखकांत लुई ब्रुस होते, ज्यांना 2023 मध्ये क्वांटम डॉट्सच्या शोधाबद्दल रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यीस्ट ज्याला विष समजून गुंडाळत होतं, तो निघाला अर्धवाहक.

हा धागा पुण्यात उचलला गेला. आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांचा गट सूक्ष्मजीव आणि धातू यांवर काम करत होता. मीनल कौशिक त्यात संशोधक होत्या आणि पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या सुलभा कुलकर्णी त्यांच्या सहकारी. 2002 मध्ये त्यांनी पोम्बेकडून कॅडमियम सल्फाइडचे 1 ते 1.5 नॅनोमीटरचे कण तयार करून घेतले आणि एका वीजवाहक पॉलिमरशी जोडून त्यांचा चालणारा डायोड बनवला. वीज एका दिशेने सहज जाऊ देणारं, दुसऱ्या दिशेने अडवणारं उपकरण, ज्यातला अर्धवाहक बिअरच्या बुरशीने घडवला होता. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी एमकेवाय-3 या चांदी सोसणाऱ्या यीस्टने पेशीच्या बाहेर चांदीचे नॅनोकण केल्याचं प्रसिद्ध केलं. कण पेशीबाहेर असले की ते काढून घ्यायला पेशी फोडावी लागत नाही. या कामाचे दाखले आजही जगभरच्या निबंधांत दिले जातात. मराठी वाचकांना त्याची माहिती फारशी नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मेल्यावरचं काम

आतापर्यंत जे सांगितलं ते जिवंत पेशीचं. पण यीस्ट मेलं तरी धातू धरतं. त्याची भिंत ग्लुकान, मॅनन आणि प्रथिनांची असते आणि तिच्यावर ऋण भाराचे फॉस्फेट व कार्बॉक्सिल गट दाटीने असतात. धन भाराचे धातू त्यांना काही मिनिटांत चिकटतात. याला ऊर्जा लागत नाही, अन्न लागत नाही. सौम्य आम्लाने धुतलं की धातू सुटून परत मिळतो आणि यीस्ट पुन्हा काही फेऱ्या वापरता येतं. एमआयटीमधल्या एका गटाने निष्क्रिय यीस्ट वापरून पाण्यातलं शिसं अगदी अब्जांश प्रमाणातही काढून दाखवलं. त्यांचा अंदाज असा की, बॉस्टनमधल्या एका ब्रुअरीचं टाकाऊ यीस्ट त्या शहराच्या सगळ्या पाण्याला पुरेल. पुढे तिथेच यीस्टच्या पेशी जेलच्या बारीक गोळ्यांत बंद करण्याचं काम झालं. सुटं यीस्ट पाण्यात टाकलं तर गाळून परत काढणं जिकिरीचं होतं, गोळ्या मात्र नळकांड्यात भरता येतात.

पांडेसऱ्याच्या केंद्रात हे चालेल का? सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रं बसवण्यात हयात घालवलेल्या एका निवृत्त अभियंत्यांना मी विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. मिसळलेल्या पाण्यात मीठ असतं, डिटर्जंट असतं, रंग असतात, चुन्यातलं कॅल्शियम असतं. हे सगळे भिंतीवरच्या त्याच जागांसाठी भांडतात. यीस्टला बहुतेक धातूंसाठी किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं, इथलं पाणी चुना घातल्यावर उलट्या टोकाला जातं. शिवाय चुना स्वस्त आहे. त्यांचं म्हणणं मला पटलं. शंभर प्रकारचं पाणी एकत्र झाल्यावर त्यातलं मिलिग्रॅमभर तांबं शोधत बसणं हा उलटा प्रवास आहे. यीस्टची जागा त्याच्या आधी आहे, जिथे पाणी थोडं असतं, धातू एकच असतो आणि तो कुठला ते ठाऊक असतं: मुलामा देणाऱ्या एखाद्या लहान युनिटच्या धुण्याच्या टाकीपाशी, मोरीच्या अलीकडे. तिथे काढलेलं तांबं तांबं म्हणूनच परत मिळतं. केकमध्ये गेलेलं तांबं अँटिमनी, चुना आणि रंगाच्या अवशेषांत असं कालवलं जातं की त्याला कुणी हात लावत नाही. जिवंत यीस्टही तेच करतं. धातू आत येताच, दुसऱ्या कशात मिसळायच्या आधी, त्याला पकडतं.

त्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पाची दिशा हीच आहे. तिने भेडवाड खाडीच्या काठचा गाळ आणून त्यातली यीस्टं वेगळी केलीत. काही बेकरीच्या यीस्टहून जास्त मोरचूद सोसतात असं तिला दिसतंय, पण ती घाई करत नाही, आधी त्यांची ओळख पटवायची आहे. त्यासाठी ती पुण्याच्या एनसीएलमधल्या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहाकडून तुलनेला वाण मागवणार आहे. तो संग्रह 1951 पासून चालतो आणि देशभरच्या प्रयोगशाळा तिथून यीस्ट नेतात. दुसरा अर्धा प्रकल्प मेलेल्या यीस्टचा. हातभर उंचीचं एक नळकांडं तिने बसवलंय, त्याखाली मोजपात्र आहे. वरून मोरचुदाचं फिकट निळं पाणी सोडलं की सुरुवातीला खालून बिनरंगी पाणी येतं. निळी झाक कधी दिसू लागते, याची वेळ ती वहीत लिहिते. मग आम्ल सोडते, आणि खाली गडद निळं, दाट द्रावण जमतं. त्या द्रावणातून तांबं विजेने पत्र्यावर उतरवता येतं.

अडचण यीस्टच्या पुरवठ्याची आहे. बेकरीचं पुडीतलं यीस्ट या कामाला महाग पडतं, आणि दारूबंदीच्या राज्यात बिअरचे कारखाने कुठून येणार? बारडोलीच्या बाजूला साखर कारखाने आहेत, पण मळीपासून अल्कोहोल काढताना उरलेलं यीस्ट काळ्या स्पेंट वॉशमध्ये मिसळून जातं आणि ते धुऊन घेण्यातच पाणी खर्च होतं. तेव्हा तिने छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका बिअर कारखान्याला मराठीत पत्र लिहिलंय. पन्नास किलो वाळवलेलं यीस्ट हवंय, ट्रकचं भाडं महाविद्यालय देईल. पत्राला अजून उत्तर आलेलं नाही, आणि दिवाळीनंतर ती स्वतःच जाऊन यायचं म्हणतेय.